चाळीस यार्डांची पत्रिका

फेब्रुवारी सरत आला की अमेरिकेतल्या इंडियानापोलिसमध्ये 'कम्बाइन' नावाची एक परीक्षा भरते. महाविद्यालयीन फुटबॉल (अमेरिकन, म्हणजे चेंडू हातात घेऊन धावण्याचा) गाजवून आलेले तीनशेहून अधिक तरुण तिथल्या बंदिस्त मैदानावर जमतात. त्यांची उंची, वजन, अगदी हाताची वीतसुद्धा मोजली जाते, सांधे तपासले जातात, मुलाखती होतात, आणि मग एकेकाला चाळीस यार्ड, म्हणजे साधारण साडेछत्तीस मीटर, सरळ रेषेत धावायला सांगतात. अंगावर ना चिलखत असते ना शिरस्त्राण, आणि समोर अडवायलाही कोणी नसते. एनएफएल या व्यावसायिक लीगच्या बत्तीसही संघांची माणसे वर बसून पाहत असतात. साडेचार-पाच सेकंदांत सारे आटोपते. त्यानंतर एप्रिलअखेरच्या ड्राफ्टपर्यंत, म्हणजे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्या फेऱ्यांपर्यंत, अमेरिकेतले क्रीडारसिक या साडेचार सेकंदांवर वाद घालत राहतात, आणि हा वाद ज्या रीतीने घातला जातो ती पाहून मला दरवर्षी तितकीच चीड येते.

एक पक्ष म्हणतो की बाकी सारे शिकवता येते, वेग शिकवता येत नाही, म्हणून घड्याळ सांगेल तेच खरे. दुसरा पक्ष तत्काळ टॉम ब्रेडीला पुढे करतो. २००० साली ब्रेडीला हे अंतर कापायला ५.२८ सेकंद लागले, त्याची निवड सहाव्या फेरीत १९९व्या क्रमांकावर झाली आणि पुढे त्याने सात सुपर बोल, म्हणजे लीगचे अंतिम सामने, जिंकले. सबब ही चाचणी म्हणजे निव्वळ तमाशा. आजोबांनी जन्मभर विड्या ओढल्या आणि तरी नव्वदी गाठली, या जातीचा हा युक्तिवाद आहे. ब्रेडी क्वार्टरबॅक होता. त्याचे काम उभे राहून चेंडू फेकण्याचे. त्याच्या धावण्याची वेळ काढणे म्हणजे गवयाची वजने उचलण्याची ताकद पाहण्यासारखे आहे. त्याच्या उदाहरणाने रिसीव्हर (फेकलेला चेंडू झेलणारा), कॉर्नरबॅक (रिसीव्हरला अडवणारा) किंवा रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा) यांच्याबद्दल काहीही सिद्ध होत नाही. पण चूक एवढ्यावर थांबत नाही. दोन्ही पक्ष दोन वेगळे प्रश्न एकाच गाठोड्यात बांधतात: या वेळेवरून खेळाडूची निवड कितव्या क्रमांकावर होईल हे कळते का, आणि निवड झाल्यावर तो कसा खेळेल हे कळते का? एकाच्या उत्तरासाठी दुसऱ्याचे पुरावे दिले जातात आणि वाद जागच्या जागी फिरत राहतो.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. चाळीस यार्डांची वेळ खेळाडूची निवड कुठे होईल हे बऱ्यापैकी सांगते, कारण निवड करणारे लोक तीच वेळ पाहून निवड करतात. तो पुढे कसा खेळेल याविषयी ती थोडेच सांगते, आणि जे सांगते तेही एका उंबरठ्यापर्यंतच. आपल्याकडच्या माणसाला हे समजायला अवघड जाऊ नये. छत्तीसपैकी तीस गुण जुळले की लग्न ठरण्याची शक्यता वाढते, हे खरेच आहे. ज्या घरांत पत्रिका पाहिल्याशिवाय पाऊल पुढे पडत नाही तिथे दुसरे काय होणार? पण म्हणून पत्रिकेला संसाराचे भविष्य कळते असे कोणी म्हणू लागला, तर त्याला विचारावे लागेल की बाबा रे, ग्रहांनी लग्न जमवले की ग्रहांवर विश्वास ठेवणाऱ्या वडीलधाऱ्यांनी? ड्राफ्टमधील स्थान हा खेळाचा निकाल नव्हे, तो निवडकर्त्यांच्या मताचा निकाल आहे. वेळेवरून त्याचा अंदाज येतो याचा अर्थ निवडकर्ते वेळेला वजन देतात, एवढाच. ते योग्य तेवढे देतात की फाजील, हा खरा प्रश्न आहे.

निवडीचा अंदाज तरी सरसकट येतो का? तसेही नाही. ज्याच्याविषयी कोणाच्या मनात शंकाच नाही, तो धावतही नाही. २०२४ साली मार्विन हॅरिसन ज्युनियरने धावण्यास सरळ नकार दिला आणि तरी ॲरिझोनाने त्याला चौथ्या क्रमांकावर उचलले. उलट टोकाला १९९९ साली रॉन्डेल मेनेंडेझ ४.२४ सेकंदांत धावला, वर्षानुवर्षे ही वेळ मोडली गेली नाही, आणि त्याची निवड झाली ती सातव्या, म्हणजे शेवटच्या फेरीत. नियमित हंगामातला एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. टायरीक हिलसारखा विजेच्या चपळाईचा खेळाडू २०१६ मध्ये पाचव्या फेरीपर्यंत घसरला, कारण घरगुती हिंसाचाराच्या गुन्ह्यामुळे त्याला इंडियानापोलिसचे निमंत्रणच नव्हते. घड्याळाचा जोर चालतो तो मधल्या पट्ट्यात: खेळाच्या चित्रफिती पाहून स्काउटांचे, म्हणजे संघांसाठी खेळाडू पारखणाऱ्यांचे, एकमत होत नाही, दोन-तीन नावे मनात सारखीच तोलली जातात, आणि कोणीतरी आकडा मागतो. आकड्याची ही ओढ मानवी आहे. कमिटीत बसलेल्या माणसाला 'मला वाटते' म्हणण्यापेक्षा '४.३०' म्हणणे नेहमीच सुरक्षित असते.

आता विरोधी बाजूचे जे सर्वांत बळकट मुद्दे आहेत ते मान्य केले पाहिजेत, कारण ते सहसा मांडलेच जात नाहीत. पहिला मुद्दा न्यायाचा आहे. अमेरिकेत शेकडो महाविद्यालये फुटबॉल खेळतात आणि त्यांच्या दर्जात जमीन-अस्मानाचे अंतर आहे. अलाबामा किंवा ओहायो स्टेटच्या खेळाडूचे प्रत्येक पाऊल दूरचित्रवाणीवर दिसते; एखाद्या छोट्या महाविद्यालयातल्या मुलाने दुबळ्या प्रतिस्पर्ध्यांना मागे टाकले तर त्याची किंमत काय करायची? साडेछत्तीस मीटर मात्र सर्वांना तेवढेच. ईस्ट कॅरोलायनाचा ख्रिस जॉन्सन २००८ मध्ये ४.२४ सेकंदांत धावला, टेनेसीने त्याला पहिल्या फेरीत २४व्या क्रमांकावर घेतले, आणि दुसऱ्याच हंगामात त्याने २,००६ यार्ड धावून ती निवड सार्थ केली. अशा मुलासाठी घड्याळ हा एकमेव निःपक्षपाती साक्षीदार असतो. तो काढून टाकला तर उरते ती ओळखीपाळखीची आणि नावाजलेल्या प्रशिक्षकांच्या शिफारशींची दुनिया. मला ती अधिक न्याय्य वाटत नाही.

दुसरा मुद्दा अधिक सूक्ष्म आहे, आणि चाचणीची टिंगल करणाऱ्यांना तो बहुधा ठाऊकच नसतो. ते ॲन्क्वान बोल्डिनचे नाव घेतात. २००३ मध्ये बोल्डिनची वेळ ४.७ सेकंदांच्या वर गेली, रिसीव्हरसाठी हे मरगळलेपण समजले जाते. तरी पहिल्याच हंगामात त्याने १०१ झेल घेतले. मग वेगाला अर्थ काय उरला? पण जरा थांबून पाहा. त्या वेळेनंतरही बोल्डिनला दुसऱ्या फेरीत कोणी का घेतले? कारण बाकीच्या गुणांत तो इतका सरस होता की संघाने वेळेकडे काणाडोळा केला. तेवढेच संथ आणि गुणांनी सामान्य असे किती तरी मुलगे त्याच वर्षी घरी परतले असतील. त्यांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत, कारण ते कधी मैदानावर आलेच नाहीत. गाळणीतून खाली उतरलेल्या पिठात कोंडा सापडत नाही म्हणून गव्हाला कोंडा नसतो असे म्हणता येत नाही. निवडल्या गेलेल्यांपुरते पाहिले तर वेग आणि यश यांचा संबंध विरळ दिसणारच, कारण वेगाच्या नावाने जी चाळण व्हायची ती आधीच झालेली असते.

हा मुद्दा मी पूर्णपणे मान्य करतो, आणि तरी म्हणतो की त्याने चाचणीची इज्जत पुरती वाचत नाही. कारण संघाच्या व्यवस्थापकापुढे 'वेग उपयोगी आहे का' हा प्रश्न नसतोच. त्याच्यापुढे चाळणीतून आलेलीच मुले असतात, त्यांच्या खेळाच्या तासन्‌तासांच्या चित्रफिती त्याने पाहिलेल्या असतात, आणि त्याला ठरवायचे असते की या सगळ्याच्या वर घड्याळाचा आकडा मला आणखी काय सांगतो. दिवसभर उन्हात हिंडून आलेल्या माणसाला 'आज तापमान ३९ होते' हे कळून नवे ते काय कळते? वेगवान खेळाडू चित्रफितीतही वेगवानच दिसतो. घड्याळ त्याच गोष्टीची दुसऱ्यांदा ग्वाही देते आणि आपण तिला दुसरा पुरावा समजतो. लुईव्हिल विद्यापीठाच्या फ्रँक कुझमित्स आणि आर्थर ॲडम्स यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात क्वार्टरबॅक, रनिंग बॅक आणि रिसीव्हर यांचे कम्बाइनमधले आकडे पुढील कामगिरीशी ताडून पाहिले. सातत्याने टिकणारा संबंध त्यांना आढळला नाही. अपवाद निघाला तो रनिंग बॅकच्या धावण्याच्या चाचण्यांचा. म्हणजे एका जागेपुरते घड्याळ काही बोलते. रिसीव्हरच्या बाबतीत, जिथे त्याचा सर्वाधिक गवगवा होतो, तिथे ते जवळपास मुके आहे.

हे मुकेपण पाहायचे असेल तर २०१७ सालचा ड्राफ्ट काढावा. वॉशिंग्टन राज्यातलेच दोन रिसीव्हर त्यात होते. सिअ‍ॅटलच्या मोठ्या विद्यापीठातला जॉन रॉस ४.२२ सेकंदांत धावला; कम्बाइनचा तो नवा विक्रम होता. सिनसिनाटीने त्याला नवव्या क्रमांकावर घेतले. (दहाव्या क्रमांकावर कॅन्सस सिटीने पॅट्रिक महोम्स नावाचा क्वार्टरबॅक घेतला, हे सिनसिनाटीच्या चाहत्यांना आठवून देण्यात मी थोडा दुष्टपणा करतो आहे, कारण त्यांना तेव्हा क्वार्टरबॅक नकोच होता.) राज्याच्या पूर्व टोकाला असलेल्या ईस्टर्न वॉशिंग्टनचा कूपर कप ४.६२ सेकंदांत धावला आणि तिसऱ्या फेरीत ६९व्या क्रमांकापर्यंत थांबला. रॉसने पहिल्या हंगामात एकही झेल घेतला नाही. हाती चेंडू आला तो एकदाच, धावण्यासाठी, आणि तोही हातून निसटून प्रतिस्पर्ध्याकडे गेला. दुखापतींनी त्याला छळले हे खरे, पण साऱ्या कारकिर्दीत त्याचे हजार यार्ड झाले नाहीत. कपने २०२१ या एकाच हंगामात १४५ झेलांत १,९४७ यार्ड काढले, झेल, यार्ड आणि टचडाउन या तिन्हींत पहिला आला आणि सुपर बोलचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. चार दशांश सेकंदांचे अंतर म्हणजे रेषेवर जवळजवळ चार मीटर. ते चार मीटर कपने कसे भरून काढले? बचावपटूचे वजन कोणत्या पायावर आहे ते ओळखून, बरोबर त्या क्षणी वळून, आणि चेंडू येण्याआधी जागेवर पोहोचून. यातले काहीही सरळ रेषेत मोजता येत नाही. एकट्या जोडीवरून सिद्धान्त काढू नये, हे वर ब्रेडीच्या बाबतीत मीच म्हटले आहे. पण ब्रेडीची तुलना कोणाशीच नव्हती, इथे जागा एक, वर्ष एक, परीक्षा एक आहे.

ज्यांना वाटते की हा वाद आजचा आहे, त्यांनी साठ वर्षे मागे जावे. १९६४च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये १०० मीटरचे सुवर्णपदक बॉब हेजने जिंकले आणि पुढच्या वर्षी तो डॅलसकडून खेळू लागला. एकट्याने त्याला अडवणे कोणालाच जमेना, म्हणून प्रतिस्पर्धी संघांना माणसाऐवजी मैदानाचा भाग राखण्याची बचावपद्धत जवळ करावी लागली. साहजिकच सर्वांना आपापला हेज हवा झाला. १९६८च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये ९.९५ सेकंदांत तेच सुवर्णपदक जिंकलेला जिम हाइन्स मायामीकडे आला. वेगात तो हेजला तसूभर कमी नव्हता, पण चेंडू हातात राहत नसे. सहकाऱ्यांनी त्याचे नाव 'ऊप्स' ठेवले होते असे सांगतात. दोन हंगामांत त्याचा फुटबॉल संपला. अंतर तेच, पदक तेच; एकाचे नाव आज फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये आहे. हेजच्या यशातून लोकांनी 'वेग' हा धडा घेतला, 'झेल पकडणारा वेगवान माणूस' हा घेतला नाही. ऑकलंड रेडर्सचे मालक अल डेव्हिस यांनी तर जन्मभर पहिलाच धडा गिरवला. क्लिफ ब्रँचसारखे धावपटू घेऊन त्यांनी एके काळी विजेतेपदेही मिळवली, हे नाकारता येणार नाही. पण २००९ मध्ये त्यांनी ४.३० सेकंदांच्या डॅरियस हेवर्ड-बेला सातव्या क्रमांकावर घेतले, आणि पायाच्या दुखापतीमुळे धावू न शकलेल्या मायकेल क्रॅबट्रीला सोडून दिले. तीन जागा पुढे सॅन फ्रान्सिस्कोने क्रॅबट्रीला उचलले. पहिल्या हंगामात हेवर्ड-बेचे झेल ९ झाले, कराराच्या रस्सीखेचीत हंगामाचा पहिला भाग गमावूनही क्रॅबट्रीचे ४८. २००३ ते २००९ असे सलग सात हंगाम रेडर्स दरसाल निदान अकरा सामने हरत होते. त्यामागे कारणे अनेक होती. संघात पाय कमी होते, हे मात्र त्यांतले एक नव्हते.

मुळात हे मोजमाप तरी किती चोख आहे? कम्बाइनमध्ये शेवटची रेषा यंत्र टिपते, पण सुरुवात आजवर माणसाच्या बोटाने मोजली गेली आहे: खेळाडूची पहिली हालचाल दिसली की कळ दाबायची. एकदा भाच्याबरोबर बसून मी एकाच धावेच्या चित्रफितीवर मोबाइलच्या घड्याळाने पाच वेळा वेळ घेतली. आमचे आकडे ४.१९ पासून ४.४१ पर्यंत पसरले, आणि त्यातही भाच्याला आवडणारा खेळाडू असल्याने त्याचा आकडा दरवेळी माझ्याहून कमी येत होता. तिथली माणसे सरावलेली असतात, आमच्यासारखी हौशी नव्हेत; तरी बोट ते बोटच. धावेच्या शेवटी खेळाडूचा वेग सेकंदाला साडेनऊ-दहा मीटर असतो, म्हणजे एक शतांश सेकंद म्हणजे जेमतेम दहा सेंटिमीटर, इंडियानापोलिसमध्ये मोजतात त्या वितीच्या निम्म्याहूनही कमी. त्या अर्ध्या वितीवर पहिली फेरी की दुसरी, हे ठरू द्यायचे? बो जॅक्सनचे १९८६चे ४.१२ वगैरे दंतकथांशी आजच्या आकड्यांची तुलना करणारे तर हेही विसरतात की ते संपूर्ण हाताने घेतलेले आकडे आहेत. शिवाय परीक्षा जाहीर असली की तिची शिकवणीही निघतेच. १९९५ मध्ये बोस्टन कॉलेजच्या माइक मामुलाने याच चाचण्यांची स्वतंत्र तयारी करून इंडियानापोलिस गाजवले, आणि फिलाडेल्फियाने वर सरकून त्याला सातव्या क्रमांकावर घेतले. तो अगदीच टाकाऊ निघाला नाही, पाच हंगामांत साडेएकतीस सॅक (प्रतिस्पर्धी क्वार्टरबॅकला चेंडू फेकण्याआधीच लोळवणे) त्याच्या नावावर आहेत. पण बाराव्या क्रमांकावर गेलेला वॉरन सॅप पुढे हॉल ऑफ फेममध्ये पोहोचला. मामुला अपवाद होता, आज तीच रीत झाली आहे. हंगाम संपताच खेळाडू महिना-दीड महिना केवळ पहिले पाऊल कसे टाकावे हे शिकतात. फुटबॉलमध्ये ज्या पवित्र्यातून रिसीव्हर कधीच सुरुवात करत नाही, त्या पवित्र्याचा रियाज चालतो. ज्याच्या एजंटाकडे चांगल्या प्रशिक्षकाचे पैसे आहेत त्याचे दोन-चार शतांश कमी होतात, आणि मघाचा तो निःपक्षपाती साक्षीदार हळूहळू पढवलेला साक्षीदार होतो.

मग काय, चाचणी बंद करावी? मला तसे वाटत नाही, आणि इथेच टिंगल करणाऱ्यांशीही माझे बिनसते. उंबरठा म्हणून ती कामाची आहे. कॉर्नरबॅकला समोरच्या रिसीव्हरच्या मागे धावावे लागते, तो ४.७ सेकंदांचा असेल तर त्याची बुद्धी, हात, जिद्द सारे असूनही तो मागेच राहील. पण उंबरठा ओलांडल्यावर आत कोण किती पुढे बसेल हे उंबरठ्याने सांगायचे नसते. २०११ मध्ये रिचर्ड शर्मन ४.५६ सेकंदांत धावला, पाचव्या फेरीत १५४व्या क्रमांकावर निवडला गेला, आणि काही वर्षांतच लीगमधील अव्वल कॉर्नरबॅक ठरला. त्याचे लांब हात आणि चेंडू वाचण्याची नजर यांना त्या वेगाची पुरेशी साथ होती. भारतीय क्रिकेटमध्ये धावण्याचा दम पाहणारी यो-यो चाचणी आली तेव्हाही असाच गदारोळ झाला. २०१८ मध्ये अंबाती रायुडू १६.१ ही पातळी गाठू शकला नाही आणि इंग्लंडच्या एकदिवसीय मालिकेला मुकला. तो निर्णय कठोर होता की नाही, यावर मतभेद असू देत. पण यो-योमध्ये १९ची पातळी गाठली म्हणून कोणाला चौथ्या क्रमांकावर फलंदाजीला पाठवल्याचे कोणी ऐकले आहे का? क्रिकेटच्या निवडकर्त्यांनी, त्यांच्या सगळ्या दोषांसह, उंबरठा आणि शिडी यांतला फरक पाळला. एनएफएलमधल्या पुष्कळ संघांनी उंबरठ्याचीच शिडी केली.

आकडा एकटा न वापरता दुसऱ्या आकड्याच्या शेजारी बसवला तर तो अधिक शहाणा होतो, हेही दिसून आले आहे. बिल बार्नवेल यांनी २००८ मध्ये रनिंग बॅकसाठी वजन आणि वेळ यांची सांगड घालणारे एक सोपे सूत्र मांडले. त्यामागची कल्पना एखाद्या बैलगाडीवाल्यालाही पटेल: हलक्या गड्याचे ४.४० आणि शंभर किलोच्या गड्याचे ४.४० ही एकच गोष्ट नव्हे. तसेच घड्याळ आणि चित्रफीत यांचे जिथे जुळत नाही तिथे घड्याळाचा खरा उपयोग आहे, निर्णयासाठी नव्हे, तर परत जाऊन पाहण्यासाठी. घड्याळात वेगवान असलेला मुलगा मैदानावर संथ का दिसतो? तो खेळ वाचायला वेळ घेतो का, की त्याचा प्रशिक्षक त्याला चुकीच्या जागी उभा करत होता?

डीके मेटकाफचे उदाहरण दोन्ही पक्ष आपापल्या सोयीने वापरतात, म्हणून ते पूर्ण सांगतो. २०१९ मध्ये १०३ किलोंचा हा रिसीव्हर ४.३३ सेकंदांत धावला आणि सारे अवाक झाले. त्याच दिवशी शंकूंभोवती वळणे घेत धावण्याच्या चाचणीत त्याला ७.३८ सेकंद लागले, ब्रेडीला २००० साली याच चाचणीत लागले होते त्याहून अधिक. मानेची जुनी दुखापत आणि हे वळणांचे कोडे यांमुळे तो दुसऱ्या फेरीच्या अगदी शेवटी, ६४व्या क्रमांकावर सिअ‍ॅटलकडे गेला. एका घड्याळाने त्याला चढवले, दुसऱ्याने उतरवले. ऑक्टोबर २०२० मध्ये ॲरिझोनाच्या बुडा बेकरने सिअ‍ॅटलचा पास गोलरेषेजवळ मधल्यामध्ये पकडला आणि तो मोकळ्या मैदानात सुटला. चित्रफितीत मेटकाफ सुरुवातीला कित्येक यार्ड मागे आहे. आपला संघ चेंडू गमावून बसला आहे, पाठलाग करणे हे त्याचे कामही नाही. नव्वद यार्डांच्या त्या धावेत त्याचा वेग ताशी ३६ किलोमीटरवर गेला, त्याने बेकरला गोलच्या अलीकडे लोळवले, आणि त्यानंतर ॲरिझोनाला तिथून एकही गुण करता आला नाही. तो बेकरला गाठू शकतो, हे घड्याळाने आधीच सांगितले होते, याचे श्रेय त्याला द्यावे. तो मुळात धावेल हे कोणत्या घड्याळाने सांगितले असते? पुढच्या मे महिन्यात मेटकाफ कॅलिफोर्नियात खऱ्याखुऱ्या धावपटूंबरोबर १०० मीटर धावला. वेळ १०.३६ सेकंद आली, आणि आपल्या शर्यतीत तो शेवटचा राहिला. सप्टेंबरात सिअ‍ॅटलने त्याला पुन्हा रिसीव्हरच्याच जागी उभे केले.